वरची घरं, खालची घरं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'अमेरिकेतील शिक्षणाच्या संधी'. वेळ दिला आहे वीस मिनिटं. संधींची माहिती तुम्हाला आज मोबाइलवर माझ्यापेक्षा जास्त मिळते, म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलला आहे. मी फक्त एका आठवड्याबद्दल बोलणार आहे. माझी मुलगी कॉलेजात गेली त्या ऑगस्टमधला तो आठवडा. त्या आठवड्यात मी तिला एक चुकीचा सल्ला दिला, आणि तो सल्ला मी याच शाळेत शिकले होते. बाई, तुम्ही घाबरू नका. तुम्ही नाही शिकवलात. तो आम्ही मधल्या सुट्टीत आपला आपण शिकलो.

आधी तो प्रकार काय आहे ते सांगते, कारण आपल्याकडे तसं काही नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत मुलींच्या संघटना असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. नावं ग्रीक अक्षरांची. आल्फा, डेल्टा, कापा अशी दोन-तीन अक्षरं जोडायची की झालं नाव. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक संघटनेचं स्वतःचं घर असतं. काही मुली तिथे राहतात, बाकीच्या जेवायला, बैठकांना, अभ्यासाला येतात. एखाद्या सामाजिक कामासाठी निधी गोळा करतात. वर्गणी असते, आणि ती चांगलीच असते. मुलांच्या अशाच संघटनांना फ्रॅटर्निटी म्हणतात.

ही गोष्ट जुनी आहे. 1851 साली जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी, वेस्लियन कॉलेजमध्ये मुलींनी अशी पहिली संघटना काढली. म्हणजे पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाईंनी शाळा सुरू केली, त्यानंतर तीनच वर्षांनी. तेव्हा तिकडेही कॉलेजात जाणाऱ्या मुली मोजक्याच. एकमेकींना आधार हवा, म्हणून ही घरं उभी राहिली. 1902 मध्ये अशा संघटनांची एक शिखर संस्था झाली, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. तिच्यात अशा अनेक संघटना आहेत.

पण आधारासाठी बांधलेल्या घरांना दारंही असतात, आणि दार म्हटलं की कुणाला आत घ्यायचं हा प्रश्न आलाच. फार काळ ही घरं गोऱ्या मुलींचीच राहिली. कृष्णवर्णीय मुलींनी 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात आपली पहिली संघटना काढली, आल्फा कापा आल्फा. कमला हॅरिस त्याच संघटनेच्या. 1998 मध्ये टेक्सासात शिकणाऱ्या आपल्याकडच्या, म्हणजे भारतीय उपखंडातल्या मुलींनीही स्वतःची सोरोरिटी सुरू केली. आणि हे सगळं इतिहासजमा झालं असंही नाही. 2013 साली अलाबामा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं, 'द क्रिमझन व्हाइट'नं, बातमी छापली, की गोऱ्या मुलींच्या संघटनांनी चांगल्या गुणांच्या कृष्णवर्णीय मुलीला नाकारलं. घरातल्या काही मुलींनी तेव्हा सांगितलं, की आमची तिला घ्यायची तयारी होती, विरोध माजी सदस्यांचा होता. माजी सदस्यांचा. आपण सगळे आज इथे माजी म्हणूनच जमलो आहोत, तेव्हा हे आपण जरा लक्षात ठेवावं.

आता तो आठवडा. वर्ग सुरू होण्याआधी या संघटनांची निवड असते. पूर्वी तिला 'रश' म्हणत, आता रिक्रूटमेंट म्हणतात. माझ्या मुलीच्या विद्यापीठात बारा घरं होती. नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलीनं पहिल्या फेरीत बाराही घरी जायचं. ऑगस्टचं ऊन, हातात पाण्याची बाटली, रांगेत उभं राहायचं. दार उघडलं की आतल्या मुली एकमेकींवर रचल्यासारख्या उभ्या राहून टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. आपल्या गणपतीच्या आरतीला शेवटी आवाज चढतो ना, तसं. मग एक मुलगी तुम्हाला हाताला धरून आत नेते, पाच-सात मिनिटं बोलते, दुसरी येते, तिसरी येते. अर्ध्या तासात तुम्ही बाहेर, पुढच्या दारात.

संध्याकाळी मुलींनी आपापला पसंतीक्रम भरायचा. त्याच वेळी प्रत्येक घरानंही आपली यादी भरायची, कुणाला परत बोलवायचं त्याची. संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि सकाळी कळतं, की आज तुम्हाला कुठून बोलावणं आहे. दुसऱ्या फेरीत जास्तीत जास्त नऊ घरं, तिसऱ्या फेरीत सहा, शेवटच्या फेरीत दोन. मग अंतिम पसंती लिहून द्यायची, त्यावर सही करायची, आणि दुसऱ्या दिवशी लिफाफा हातात. त्या सहीला अर्थ असतो. जे घर मिळेल ते नाकारलं, तर पुढच्या वर्षीच्या निवडीपर्यंत त्या विद्यापीठात दुसऱ्या घरात जाता येत नाही.

इथपर्यंत ठीक आहे. पण या सगळ्याच्या आधी, मुलींनी एका घराचा उंबरठाही ओलांडलेला नसताना, एक यादी हातात आलेली असते. वरची घरं, मधली घरं, खालची घरं. ती विद्यापीठ काढत नाही, शिखर संस्था काढत नाही. ती कोण काढतं हे कुणालाच सांगता येत नाही, तरी ती सगळ्यांना पाठ असते. कुठल्या घरातल्या मुली देखण्या, कुठल्या घराचं फ्रॅटर्निटीच्या मुलांशी जास्त येणंजाणं, कुणाचे वडील श्रीमंत, कुणाच्या घराला पांढरे खांब. यावर नंबर. घरात मुली कशा वागतात, आजारी मुलीला कोण विचारतं, अभ्यास होतो का, वर्गणी परवडते का, यातलं काहीही त्या यादीत नसतं.

मला ही यादी कशी मिळाली? आमच्या मराठी मंडळातल्या एका ओळखीच्या बाईंची मुलगी त्याच विद्यापीठात 'वरच्या' घरात होती. त्यांनी मला फोनवर बारा नावं क्रमानं सांगितली आणि मी ती लिहून घेतली. मी नोकरीत हिशेबाचं काम करते, तेव्हा मी नुसती लिहिली नाहीत, एक्सेलमध्ये तक्ता केला. रंगसुद्धा भरले. वरची चार हिरवी, मधली चार पिवळी, खालची चार लाल. तो तक्ता मुलीला पाठवला आणि लिहिलं, "यातलं हिरवं मिळालं तर उत्तम, पिवळं चालेल." लालबद्दल मी काही लिहिलंच नाही.

पहिल्या फेरीच्या रात्री तिचा फोन आला. ती दोन घरांबद्दल उत्साहानं बोलत होती. मी तक्ता उघडून बसले होते. त्यातलं एक पिवळं, एक लाल. मी म्हटलं, "अगं, ते बाराव्या नंबरचं आहे." ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार हिरव्यांपैकी तीन घरांनी तिला परत बोलावलं नव्हतं. ती रडत होती. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "तू काही चुकीचं बोललीस का तिथे?"

आज हे सांगताना मला लाज वाटते, कारण नंतर मला त्यातलं गणित कळलं. दहावीच्या मुलांनो, हे तुम्हीही ऐका. ज्या घराला सगळ्यांचीच पहिली पसंती असते, त्या घराला पहिल्याच फेरीनंतर जास्तीत जास्त मुली सोडाव्या लागतात. तो नियमच आहे. कोणत्या घरानं किती मुली परत बोलवायच्या, हा आकडा मागच्या वर्षांच्या अनुभवावरून ठरवून दिलेला असतो. कारण ते घर सगळ्यांना आशेवर ठेवत राहिलं, तर शेवटच्या दिवशी शेकडो मुलींच्या हातात काहीच उरणार नाही. म्हणून नाही म्हणायचं ते लवकर म्हणा, म्हणजे मुलीला बाकीच्या घरांकडे नीट पाहता येईल. म्हणजे ज्या नकारावर माझी मुलगी रडत होती, तो बराचसा भागाकार होता. तिच्याशी सात मिनिटं बोललेल्या मुलींनी तिच्या आयुष्याचा निकाल लावला नव्हता.

दुसरं गणित शेवटच्या दिवसाचं. शेवटच्या फेरीत समजा सहाशे मुली उरल्या आणि घरं बारा, तर साधारण पन्नास मुली प्रत्येक घराला. वरच्या घरालाही पन्नास, खालच्या घरालाही पन्नास. म्हणजे यादीतल्या बाराव्या घरातही तितक्याच मुली येतात, तितक्याच उत्साहानं, आणि चार वर्षं राहतात. यादी वाचून असं वाटतं, की खालच्या घरात कुणीच नसावं.

या जुळवणीवर अर्थशास्त्रज्ञांनीही काम केलं आहे. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोघांनी, दोन्ही बाजूंना पसंती असेल तेव्हा जोड्या कशा लावाव्यात याचं गणित मांडलं होतं. 1991 मध्ये सुझन माँगेल आणि अल्विन रॉथ यांनी सोरोरिटीच्या निवडीवर चक्क एक शोधनिबंध लिहिला. पुढे 2012 साली रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच जुळवणीच्या कामासाठी. त्या निबंधात एक गोष्ट नोंदलेली आहे. शेवटच्या कागदावर एकाहून जास्त नावं लिहिता येत असूनही बऱ्याच मुली एकच नाव लिहीत. हेच घर, नाहीतर काहीच नको.

आणि आता मी दिलेला सल्ला सांगते. शेवटच्या फेरीला माझ्या मुलीकडे दोन घरं उरली. एक पिवळं, त्यातल्या त्यात वरचं. दुसरं तेच, माझ्या तक्त्यातलं शेवटचं लाल. मी म्हटलं, "कागदावर एकच नाव लिही. पिवळं. दोन लिहिलीस तर ते तुला खालच्यात ढकलतील. नाही मिळालं तर नाही मिळालं. बाराव्या नंबरच्या घरात जाण्यापेक्षा नसलेलं बरं. लोकांना काय सांगायचं?"

लोकांना. म्हणजे कुणाला, तर मंडळातल्या त्या बाईंना.

माझी मुलगी तिकडे जन्मलेली. तिचं मराठी थोडं वाकडं आहे, पण त्या दिवशी ती सरळ बोलली. म्हणाली, "आई, तू त्या घरात गेली होतीस का? मी गेले होते. चार वेळा."

मग तिनं सांगितलं. पिवळ्या घरात चारही दिवस तिला विचारलं, की तू मूळची कुठली, आणि चारही दिवस तिचं नाव चुकीचं उच्चारलं. वाईट नव्हत्या त्या मुली, हसून बोलत होत्या, पण बोलताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे जायची. लाल घरात पहिल्या दिवशी एका मुलीनं तिचं नाव दोनदा म्हणून घेतलं, बरोबर आलं का विचारलं. तिसऱ्या फेरीला त्याच मुलीनं दारातच तिला नावानं हाक मारली. शेवटच्या फेरीला दोघी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून, पहिल्यांदा घर सोडल्यावर कसं वाटतं यावर बोलत होत्या.

प्रत्येक गटाबरोबर एक मोठी मुलगी मार्गदर्शक म्हणून असते. ती स्वतः कुठल्या तरी घरची असते, पण त्या काळात तिनं आपलं घर कुणाला सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणजे तिच्या ओढीनं कुणी वाहून जाऊ नये. त्या मार्गदर्शक मुलीनं माझ्या मुलीला एवढंच विचारलं होतं, "मध्यरात्री ताप भरला तर यातल्या कुठल्या घरातल्या मुलीला तू फोन करशील?" मला हा प्रश्न तक्त्यात घालायला कधी सुचला नव्हता.

तिनं दोन्ही नावं लिहिली. लाल घर पहिलं, पिवळं दुसरं. मला न विचारता. दुसऱ्या दिवशी लाल घराचा लिफाफा आला, आणि ती फोनवर इतकी आनंदात ओरडत होती, की मला तिचे शब्दच कळत नव्हते. मी "छान, छान" म्हटलं आणि फोन ठेवून तक्त्याकडे बघत बसले.

तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं मात्र एकच नाव लिहिलं होतं, हिरव्या घराचं. तिला काहीच मिळालं नाही. दोन नावं लिहिली असती तर दुसरं घर जवळजवळ नक्की मिळालं असतं. ती आठवडाभर खोलीबाहेर पडली नाही. पुढे ती विद्यापीठाच्या बँडमध्ये गेली, ट्रम्पेट वाजवायला लागली आणि तिथे अगदी रमली. म्हणजे सोरोरिटीत गेलं नाही तर बिघडतं असंही नाही. बहुसंख्य विद्यार्थी कुठल्याच घरात जात नाहीत आणि त्यांचं उत्तम चालतं. पण ते तिला त्या आठवड्यात कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या मुलीचं घर म्हणजे स्वर्ग निघाला, असं सांगून मी तुमच्या टाळ्या घेणार नाही. तिथेही भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले. वर्गणीवरून आमच्या घरात दर सहामाहीला वाद झाला. पण दुसऱ्या वर्षी ती रसायनशास्त्रात नापास झाली, तेव्हा तिनं आम्हाला सांगायच्या आधी त्या पायरीवरच्या मुलीला सांगितलं, आणि तिनं पुढची सहामाही तिला दर रविवारी शिकवलं. आणि आणखी एक गंमत. तिसऱ्या वर्षी मंडळातल्या त्या बाईंचा मला फोन आला, की यंदा तुमच्या मुलीचं घर यादीत सहावं आलं आहे, अभिनंदन! मी मुलीला विचारलं, काय बदललं गं? ती म्हणाली, "काही नाही. छत अजून गळतंय."

खरं तर चार वर्षांत घरातली प्रत्येक मुलगी बदलते. जुन्या पदवी घेऊन जातात, नव्या येतात. जिच्यामुळे घराला नाव मिळालं, ती केव्हाच निघून गेलेली असते. यादी मात्र तीच पुढे चालत राहते.

आता मी सुरुवातीला म्हटलं ते, की हा सल्ला मी इथे शिकले.

माझ्या वेळच्या सगळ्यांना आठवत असेल, आपल्या शाळेत तेव्हा गुणांवरून तुकड्या पडायच्या. अ म्हणजे हुशार, ब म्हणजे बरे, क म्हणजे चालतंय, ड म्हणजे ढ. मी पाचवी ते सातवी 'क'मध्ये होते. माझ्या बाकावर माझी एक मैत्रीण होती. आम्ही डबा एकत्र खायचो. तिच्या डब्यातली लसणाची चटणी माझी, माझ्या डब्यातला गूळ तिचा. सातवीच्या परीक्षेत मला बरे गुण पडले आणि आठवीला माझं नाव 'अ'मध्ये आलं. ती 'क'मध्येच राहिली.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन 'अ'च्या दारात आली. माझ्या नव्या मैत्रिणींपैकी एकीनं विचारलं, "ही कोण?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीत राहते." एवढंच. ती दोन-तीन दिवस आली, मग यायची थांबली. आमचं भांडण झालं नाही, अबोलाही झाला नाही. रस्त्यात भेटलो की हसायचो. पण नंतर आमचा डबा कधी एकत्र उघडला नाही. मला वाटायचं, मी पुढे गेले. प्रत्यक्षात मी फक्त जिना चढून दुसऱ्या वर्गात बसले होते.

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना माझी आई इथे घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी हजारो मैलांवर, भाऊ परदेशी जहाजावर. आमच्या 'अ' तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी निरोप टाकला. सगळ्यांनी कळवळून उत्तरं दिली. डॉक्टरांची नावं दिली, पैसे लागले तर सांग म्हणाले. पण सगळे होते पुण्यात, मुंबईत, बंगळुरात, सिंगापुरात. तासाभरात मला आईच्याच फोनवरून फोन आला. पलीकडून आवाज आला, "मी बोलतेय. काकूंना दवाखान्यात आणलंय. फोटो काढलाय. तू घाई करून विमानात बसू नकोस, नीट तिकीट काढून ये." मी पोचेपर्यंत चार रात्री ती माझ्या आईच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसून होती.

तीच, लसणाच्या चटणीवाली.

ती आज या सभागृहात आहे. तिला पुढे बोलवू का विचारलं, तर म्हणाली, "नाव घेतलंस तर जेवायला थांबणार नाही." म्हणून नाव घेत नाही. पण हे मी तिला दवाखान्यात म्हणू शकले नाही, नंतर फोनवरही म्हणू शकले नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर म्हणते. आठवीच्या पहिल्या दिवशी मी "आमच्या गल्लीत राहते" म्हटलं. मी "माझी मैत्रीण आहे" म्हणायला हवं होतं. माझं चुकलं.

आता यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये, की 'अ'वाले स्वार्थी आणि 'क'वाले देवमाणसं. ती पुन्हा यादीच झाली, फक्त उलटी धरलेली. 'अ'मधल्या एकानं आईच्या ऑपरेशनसाठी रात्री दोन वाजता पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून दिलं, तेही मी विसरलेले नाही. माझं म्हणणं एवढंच, की नंबरावरून माणूस कळत नाही. वरचा नंबर असला तरी नाही, खालचा असला तरी नाही. त्यासाठी दाराच्या आत जावं लागतं आणि थोडा वेळ बसावं लागतं.

दहावीच्या मुलांनो, काही महिन्यांत तुम्ही अकरावीचा ऑनलाइन अर्ज भराल. जास्तीत जास्त दहा कॉलेजांची पसंती देता येते. आत्तापासूनच तुमच्याकडे याद्या आल्या असतील, वरचं कॉलेज, मधलं कॉलेज, आणि 'तिथे कोण जातं' असं कॉलेज. त्याबद्दल मी अनुभवातून तीन गोष्टी सांगते.

पहिली. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी त्या कॉलेजात शेवटी आत गेलेल्या मुलाचे गुण. त्यावरून तिथे किती जणांना जायचं होतं ते कळतं. तिथे शिकवतात कसं, हे त्यातून कळत नाही. ते पाहायचं तर एकदा जाऊन या. ग्रंथालय उघडं असतं का बघा, प्रयोगशाळेत उपकरणं आहेत का बघा, बसला किती वेळ लागतो ते मोजा, आणि तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी बोला. फी घरात परवडते का, हे आईवडिलांना आधीच विचारा. उघड्या मनानं बघायचं म्हणजे डोळे मिटून काहीही घ्यायचं असं नाही. दुसऱ्यानं पाहून ठेवलेलं न मानता स्वतः पाहायचं.

दुसरी. अर्जावर रागानं किंवा हट्टानं एकच नाव लिहू नका. क्रम मात्र आपल्या मनाचा लिहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावं लागतं, म्हणून पहिलं नाव लोकांना सांगायला बरं वाटतं म्हणून लिहू नका, खरोखर जायचं असेल तेच लिहा.

आणि तिसरी गोष्ट पालकांसाठी. तुमच्याही घरात एक रंगीत तक्ता असेल, कागदावर नसला तर डोक्यात. मुलाला नकार आला त्या सकाळी तो तक्ता मिटून ठेवा. "तू काय चुकलास" हे विचारू नका. आधी "जेवलास का" विचारा.

या वर्षीपासून शाळेनं गुणांवरून तुकड्या पाडणं बंद केलं, असं मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितलं. आम्हा जुन्यांना त्याचा किती आनंद झाला हे त्यांना टाळ्यांवरून कळलंच असेल. सगळ्यात मोठ्या टाळ्या डावीकडून आल्या, आणि डावीकडे कोण बसलंय हे आम्हाला माहीत आहे. आपण मोठे झालो, केस पांढरे झाले, तरी आजही सभागृहात आपण तुकडीनुसारच बसलो आहोत. बघा जरा आजूबाजूला.

आता जेवणाची वेळ झाली आहे. पंगतीला तेवढं असं बसू नका. मी माझी जागा ठरवली आहे. एकीनं डब्यात चटणी आणली आहे असं कळलंय, आणि मी येताना गूळ आणलाय.